कोजागिरीची भरती

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो धाकटीच्या पत्रात, आणि तेव्हापासूनच माझं त्याच्याशी बिनसलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नानंतर दोनेक वर्षांत तिच्या नवऱ्याची बदली कोकणातल्या एका लहानशा बंदरावर झाली. बंदर खात्यात कारकून होता तो. मी जळगावात, पिंप्राळ्याला, वडिलांजवळ. माझं लग्न राहिलं. लोक 'राहिलं' असंच म्हणायचे, गिरणीत दळण विसरून यावं तसं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, घर चालवायचे आणि वडिलांचं बघायचे. त्यांना आम्ही दोघी नाना म्हणायचो. नानांची सगळी नोकरी भुसावळच्या रेल्वे यार्डात गेली, पॉइंट्समन म्हणून. जिथे रूळ बदलतात त्या सांध्याला पॉइंट म्हणायचं, तो फिरवायचा आणि गाडीला वाट करून द्यायची. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटी माझ्याच हाताखाली वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या लग्नातले पापडही मी लाटले. हे सांगायचं कारण एवढंच, की तिच्यावर माझा जीव नव्हता असं कुणी समजू नये. जीव होता. पण पोटातही दुखायचं, आणि ते दुखणं जरा जास्त होतं.

तिची पत्रं निळ्या आंतर्देशीयावर यायची, महिन्याला एक. नानांना वाचता यायचं, पण निवृत्तीनंतर त्यांनी चष्म्याचा कंटाळा धरला होता. त्यामुळे पत्र मोठ्याने वाचायचं काम माझं. ती लिहायची, 'नाना, आमच्या क्वार्टर्सच्या मागून एक पायवाट निघते. समुद्राच्या कडेकडेने, कड्यावरून. अर्ध्या तासात संपते. वाटेत चार ठिकाणी कठडे बांधले आहेत, तिथे उभं राहून समुद्र बघायचा. इथे त्यांना पॉइंट म्हणतात. आम्ही दोघं रोज संध्याकाळी चारही पॉइंट करून येतो.'

नाना हसले. "चारच पॉइंट? मंग ते लहान स्टेशन शे," म्हणाले.

मी पुढचं वाचत होते, पण डोक्यात घोळत होतं 'रोज संध्याकाळी' आणि 'आम्ही दोघं'. जळगावात मे महिन्यात संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. नळाला पाणी आलं की हंडे भरायची धावाधाव. आणि ही बाई तिकडे रोज चार पॉइंट करणार. जळगावात राहून जळायचं नाही तर काय करायचं, असं मी शाळेतल्या बायकांना हसत सांगायचे. त्या हसायच्या. मी मात्र खरं तेच सांगत होते.

तसं आमचंही फिरणं होतं. शाळेतून आले, चहा झाला, की मी आणि नाना रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत जायचो. फाटकाजवळ एक सिमेंटचा ओटा होता, त्यावर बसायचं आणि गाड्या बघायच्या. लांबून धूर किंवा दिवा दिसला, की नाना गाडीचं नाव सांगायचे, मग इंजिन कोणतं, मग किती उशिरा धावतेय तेही. केळीच्या वाघिणी जोडलेली मालगाडी आली की तोंडातल्या तोंडात डबे मोजायचे. तिथे आम्ही फार बोलत नसू. पण ते फिरणं माझं होतं. दिवसभरात माझी म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती, आणि त्यात वाटेकरी नव्हता.

त्या पत्रांनंतर वाटेकरी आला. नाना ओट्यावर बसून रुळांकडे बघायचे आणि मध्येच म्हणायचे, "धाकली आते कोनता पॉइंटवर व्हई?" मी म्हणायचे, "असेल कुठेतरी." एकदा ते म्हणाले, "इतला वरीस गाड्या देखनू, पन समुद्र नही देखा." त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. नानांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. जे मिळालं ते घेतलं, न मिळालेल्याचं नाव काढलं नाही. आणि आता त्यांना समुद्र हवा होता, तोसुद्धा धाकटीचा.

मी लगेच म्हणाले, "नाना, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नेईन तुम्हाला." त्यांनी मान हलवली आणि आलेल्या गाडीकडे बघितलं.

मी मनाशी पक्कं केलं. समुद्र नाना बघतील तो माझ्याबरोबर. रजा माझी, पिशवी मी भरीन, थर्मास मी घेईन, आणि त्या पहिल्या कठड्याशी त्यांचा हात धरून मीच त्यांना उभं करीन. नकाशात त्या किनाऱ्यावर बोट ठेवून मी सहावीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आखात, भूशिर, खाडी, भरती, ओहोटी. एकही कधी पाहिलं नव्हतं. पण मुलींना त्याची शंकासुद्धा येऊ दिली नव्हती.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी धाकटीचं पत्र आलं. ते मला आजही शब्दन् शब्द येतं. 'नाना, कोजागिरीला नक्की या. त्या दिवशी मोठी भरती असते. पाणी तिसऱ्या पॉइंटच्या कठड्याखाली येऊन असं आपटतं, की आपल्या अंगावर तुषार येतात. तुमचा रेल्वेचा पास आहेच. हे दादरला येऊन तुम्हाला उतरवून घेतील. अक्काला काही तेव्हा रजा मिळणार नाही, तुम्ही एकटेच आलात तरी चालेल.'

तुम्ही एकटेच आलात तरी चालेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वेण्या घातल्या, मी पापड लाटले, मी घर धरून बसले, आणि समुद्राच्या वेळी मी नसले तरी चालेल. तिने वाईट हेतूने लिहिलं नव्हतं हे तेव्हाही कळत होतं. कोजागिरीला शाळेला सुट्टी नव्हती हेही खरंच होतं. पण खऱ्या गोष्टीचा राग येत नाही असं थोडंच आहे.

नाना ऐकत होते. तोंडावर अगदी लहान मुलासारखी कळा आली होती. मग भुवया जवळ आल्या.

"भरती शे म्हने?"

"हो, असं लिहिलंय."

"मोठी भरती?"

"मोठी."

त्यांनी बोटांची पेरं चाचपली. मला वाटलं, दिवस मोजताहेत. मग हळूच म्हणाले, "मंग नको. भरतीना दिन गाडीमा कोन जाई? पाय ठेवाले जागा ऱ्हास नही."

क्षणभर मला कळलंच नाही. मग उजेड पडला. नानांना भरती एकच ठाऊक होती. भुसावळला कारखान्याची, नाहीतर रेल्वेची, नाहीतर लष्कराची भरती निघाली की खेड्यापाड्यांतून पोरं यायची. कागदांच्या पिशव्या छातीशी धरून गाडीच्या दारात लोंबकळायची, टपावर बसायची, फलाटावर झोपायची. भरतीच्या दिवशी बाईमाणसाने गाडीने जायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच होता. नानांनी कित्येकदा त्या गर्दीत शिट्या फुंकून पोरांना रुळांवरून हाकललं होतं. बंदरावर मोठी भरती म्हणजे त्या दिवशी सगळी दुनिया तिकडे जाणार, एवढाच त्यांचा सरळ हिशोब होता. खानदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने तोच केला असता. आमच्याकडे नदीलाही फक्त पूर येतो, भरती येत नाही.

मी भूगोलाची बाई. एका वाक्यात सांगता आलं असतं. नाना, भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढतं ते. मुलींना दरवर्षी फळ्यावर चंद्र काढून सांगायचेच की. तोंड उघडलंही होतं.

"कितला पोऱ्या व्हतीन तठे," नाना म्हणाले. "जावईले बी तरास."

मी म्हणाले, "हं."

तेवढंच. दुसरा शब्द नाही. पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि भाकरी टाकायला उठले. धाकटीला उत्तर लिहिलं, 'नाना नको म्हणतात. त्या दिवसांत गर्दी फार, आपल्याला झेपणार नाही, म्हणतात. उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून येऊ.' पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि याचा मला बराच अभिमान वाटला. कोजागिरीला मी जास्तीची चारोळी घालून दूध आटवलं. शेजारच्या गच्चीवर सगळ्यांबरोबर बसून नानांनी दोन पेले घेतले आणि दूध छान झाल्याचं सांगितलं. मीही दोन पेले घेतले. मला ते गेलंही चांगलं.

डिसेंबरात फाटकाजवळ बसलो असताना एक गाडी आली. नानांनी विचारलं, "कोनती शे?"

मी म्हणाले, "तुम्हीच सांगा की." रोज गाडीचं नाव नानाच सांगायचे.

"धुकं शे," ते म्हणाले.

धुकं नव्हतं. ऊन लख्ख होतं. मी काही बोलले नाही, कारण मला ते खरं होऊ द्यायचं नव्हतं. मग ते दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. पेला स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या जरा अलीकडेच ठेवायचे आणि तो पडायचा. मी कापडाने पुसायचे आणि त्यांना लक्ष नसतं म्हणून रागवायचे. फेब्रुवारीत आमचे धुळ्याचे काका आले. त्यांनी नानांना नीट पाहिलं, मला बाजूला घेऊन बोल बोल बोलले आणि स्वतःबरोबर आम्हा दोघांना धुळ्याला घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. मोतीबिंदूसारखा काढून टाकता येत नाही, गेली ती नजर गेली, आहे ती टिकते का बघू. पुढे बसलेलं माणूस सावलीसारखं कळेल. नाना बाहेर बाकावर बसले होते. मी डॉक्टरांना विचारलं, "ऑक्टोबरात कितपत दिसत असेल?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असणार. म्हणाले, "निदान समोरचं बरंच दिसत असेल. का?"

मी म्हणाले, "सहज."

परतीच्या एसटीत नाना खिडकीजवळ बसले होते. बाहेर कपाशी उपटलेली रानं होती. ते बाहेर बघत होते, म्हणजे तोंड तिकडे होतं. मी त्यांचा हात धरून बसले. आत्तापर्यंत मला वाटायचं की हेवा माझा मलाच जाळतो, दुसऱ्या कुणाला त्याची झळ लागत नाही. त्या एसटीत तो समज गेला. हेवा मात्र गेला नाही. तेव्हासुद्धा मनात एक कोपरा होता, जो म्हणत होता, निदान त्यांनी समुद्र तिच्याबरोबर पाहिला नाही. हे लिहायला आज लाज वाटते. पण होता तो कोपरा.

मे महिन्यात आम्ही गेलो. जावई दादरला आले होते. तिथून एसटीने घाट उतरलो, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खारा वारा घेतला. धाकटी अंगणातच उभी होती. तिने नानांना बघितलं, त्यांचे हात चाचपडत पुढे आले ते बघितलं, आणि तिथेच रडायला लागली. मी केळीचे वेफर्स आणि उडदाचे पापड पिशवीतून काढत राहिले. मग तिने डोळे पुसले, चहा केला आणि म्हणाली, "चला नाना, पॉइंट करून येऊ."

मी उठायच्या आत तिने त्यांचा हात आपल्या काखेत घेतला होता.

वाट खरंच लहान होती. जांभ्या दगडाची, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी. दोघं पुढे गेली आणि मी मागे राहिले. पहिल्या कठड्याशी धाकटी थांबली. मला वाटलं, आता ही काय सांगणार. निळं पाणी, सूर्य, ढग. ज्याला दिसत नाही त्याला ते सांगून काय होणार. पण ती म्हणाली, "नाना, डावीकडून एक होडी येतेय, भरलेली. तिच्यामागे दोन रिकाम्या. बंदरात एकच जागा आहे."

नानांची मान ताठ झाली. "भरेल पहिले घे," ते म्हणाले. "रिकाम्या बाहेर उभ्या ऱ्हाऊ दे."

"घेतली. आता एक मोठी लाँच मध्येच घुसतेय."

"तिले शिटी मार."

धाकटीने खरोखरच तोंडात दोन बोटं घालून शिटी मारली. खालच्या होडीतल्या माणसाने वर बघितलं. नाना इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. धुळ्याहून आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्याआधीही कधी पाहिलं होतं ते आठवावं लागलं असतं. रोज गाड्या बघायला मी न्यायचे, तीन वर्षं नेलं, आणि त्यांच्या यार्डात शिरायचं मला कधी सुचलं नाही. मी शेजारी बसले फक्त. माझं तोंड कडू झालं. आंधळ्या बापाला हसवणाऱ्या बहिणीचा हेवा करणारी बाई मीच, दुसरी कुणी नाही.

दुसरा पॉइंट झाला. तिसऱ्याशी आलो तेव्हा खालून धप्प धप्प आवाज येऊ लागला. नानांनी कान दिला. "हाई काय शे?"

"पाणी," धाकटी म्हणाली. "भरती लागलीय."

मी जागच्या जागी उभी राहिले.

"भरती?" नाना म्हणाले.

"हो. म्हणजे पाणी चढायला लागलंय. रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं. कोजागिरीला तर इथपर्यंत उडतं. म्हणून तर तुम्हाला तेव्हा बोलावलं होतं, मोठी भरती बघायला."

खाली पाणी एकदा आपटलं, मग परत आपटलं. धाकटी त्यांच्याकडे बघून हसत म्हणाली, "नाना, तुम्हाला काय पोरांची भरती वाटली की काय?" तिने ते थट्टेतच म्हटलं होतं. मग त्यांच्या तोंडावरून तिला कळलं की खरंच तसं वाटलं होतं. तिचं हसू ओसरलं. ती हळूहळू माझ्याकडे वळली.

"अक्का," ती म्हणाली, "तू तर भूगोल शिकवतेस."

वारा होता, पाण्याचा आवाज होता, पण ऐकू आलं नाही असं दाखवायलाही ते पुरले नाहीत. धाकटीने माझ्याकडे जसं बघितलं तसं याआधी कधी बघितलं नव्हतं. लहानपणी वेणी घट्ट ओढली तरी नाही.

"तिनी सांगेल व्हतं माले," नाना म्हणाले. "मीच इसरी गऊ."

माझ्यासाठी नाना आयुष्यात खोटं बोलले असतील तर ते तेवढंच. अगदी साधेपणाने बोलले, गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काय समजायचं ते समजली. पुढे कधीही तिने त्यातला एक शब्द काढला नाही.

तिसऱ्या पॉइंटपासून चौथ्याकडे जायला दगडाच्या पाच-सहा पायऱ्या आहेत. मी पुढे झाले आणि हात केला. "नाना, इथे पायऱ्या आहेत. माझा हात धरा."

ते थांबले. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी तोंड वळवलं. मला वाटलं, आता हात येईल. पण त्यांचा हात धाकटीच्या काखेतच होता, आणि त्यांनी तो सोडवला नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. "हाई शे ना. तू पुढे जाय. देखी ले पोरी, तूबी कोठे देखेल शे."

मग मी पायऱ्या चढून एकटीच पुढे गेले. चौथ्या पॉइंटला कठडा धरून उभी राहिले. समोर सगळं पाणीच पाणी होतं, नकाशात असतं त्याच्यापेक्षा फार मोठं, आणि मला अगदी स्वच्छ दिसत होतं, पार शेवटच्या रेघेपर्यंत. मागे पायऱ्यांवर धाकटी त्यांना एकेक पायरी सांगत होती. नाना काहीतरी म्हणाले आणि दोघं हसली. काय म्हणाले ते वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.